नववी ब च्या अठ्ठेचाळीस माना

३ तारीख, सोमवार. संध्याकाळी ५.४०
हायस्कूलमधला पहिला दिवस. विषय इतिहास, वर्ग नववी ब. आजपासून रोजनिशी. उद्या शिक्षणावर पुस्तक लिहायची वेळ आली तर कच्चा माल तयार हवा.
संकल्प : पुस्तक हातात धरायचं नाही. नोट्स द्यायच्या नाहीत. आवाज चढवायचा नाही. स्टाफरूममधल्या कंपूत शिरायचं नाही.
शेवटचा आजच पार पडला. कोणी बोलावलंच नाही. माझी खुर्ची दाराआड. कोणी आत आलं की हँडल बरगडीत.
मुख्याध्यापिका म्हणाल्या, तीन आठवडे पाहू, मग कायम करायचं की नाही ते ठरवू. पाहा की.
बायकोला सांगितलं, कायम झालोच असं समज. तिने विचारलं, लेखी दिलंय का. विमा कंपनीत नोकरी केली की माणसावरचा विश्वास उडतो.

४ तारीख
वर्गात बाजार. मी आवाज चढवला नाही. तसाही कोणाला ऐकू गेला नसता.
माझ्या तासानंतर लगेच गणिताचा तास. त्या गणिताच्या बाई दारात नुसत्या उभ्या राहिल्या आणि वर्ग चिडीचूप. गृहपाठ नसला की बाई पोरांना तासभर व्हरांड्यात उभं करतात म्हणे. शिक्षक की जेलर? वीस वर्षं नोकरी करून हे शिकल्या.

६ तारीख, गुरुवार. मधली सुट्टी
जमलं. चौथ्या दिवशी जमलं. अठ्ठेचाळीस माना खाली, अठ्ठेचाळीस पेनं चालू. नोट्स देणार नाही म्हटलं, तरी पोरं शब्दन् शब्द टिपून घेतात. मध्ये मला खोकला आला, तेव्हाही लिहीतच होती. याला म्हणतात पकड.

१० तारीख
तिसऱ्या बाकावरची चष्मेवाली मुलगी कंपासने वर्तुळ काढत होती. मी नुकतंच क्रांतीचं चक्र समजावलं होतं. सांगितलं नसताना आकृती! जवळ जाऊन बघणार होतो, पण विचारांची साखळी तुटली असती. शिवाय बाकांमधून फिरतात ते हवालदार. मी फळ्यापाशीच शोभतो.

१२ तारीख, बुधवार
चहाच्या वेळी गणिताच्या बाई सगळ्यांना सांगत होत्या की नववी ब एकदम सुधारली, आठवडाभर एकाचाही गृहपाठ चुकला नाही. श्रेय अर्थात स्वतःकडे. शिस्त लावली मी, आयत्या पिठावर रेघोट्या ओढतायत या. मी मंद हसलो. त्यांनी विचारलं, दाढ दुखतेय का.

१४ तारीख
नोटीस. गुरुवारी मुख्याध्यापिका माझ्या तासाला मागे बसणार. त्यावरच कायमचं ठरणार. पाठाचं टाचण लिहून आणा, असंही आहे. गाणाऱ्याला कोणी आधी ताना लिहून मागतं का? तरी रविवारी लिहीन.
बायको म्हणाली, पोरांना काय समजलंय ते त्याआधी एकदा विचारून बघ. शेतातलं रोप रोज उपटून मूळ बघतात का, असं मी विचारलं. ती म्हणाली, आपल्याकडे कुंडीसुद्धा नाही.

१६ तारीख, रविवार
टाचण : तारीख घातली. विषय लिहिला. डोळा लागला.

१९ तारीख
वर्गाला सांगितलं, उद्या मोठ्या बाई येतील, घाबरू नका, रोजच्यासारखं बसा. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मॉनिटर उभी राहून म्हणाली, नको सर, उद्या आम्ही नीट बसतो.
आणखी नीट? या मुलांना स्वतःची किंमत कळत नाही.

२० तारीख, गुरुवार
लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.
आज कोणीच लिहीत नव्हतं. पेनं बंद, हाताची घडी, अठ्ठेचाळीस तोंडं माझ्याकडे. ही तोंडं मी आजवर पाहिलीच नव्हती. माना पाहिल्या होत्या, भांग पाहिले होते. मी क्रांती सुरू केली आणि क्रांतीची कारणं विसरलो. हातात पुस्तक नाही. खिशात टाचण, त्यावर तारीख आणि विषय.
सात मिनिटं मी कोरा फळा पुसत होतो.
शेवटी मोठ्या बाईंनी शेजारच्या मुलाची वही मागितली. इतिहासाची वही. पहिल्या पानावर 'इतिहास', खाली दोन रेघा. बस्स. दुसऱ्याची मागितली, तीही तशीच. मग त्यांनी बाकाखाली हात घालून गणिताची काढली. पान न् पान भरलेलं. तुम्ही हे कधी करता, असं त्यांनी विचारलं. पोरगं खरं बोललं.
मला लाज वाटली. दुसरा शब्द शोधून पाहिला, सापडला नाही.

२१ तारीख, शुक्रवार
ऑफिसात बोलावणं. मोठ्या बाई म्हणाल्या, तुमच्यासाठी मुलांचा अर्ज आलाय, अठ्ठेचाळीस सह्या. कालचं सगळं विसरून मी ताठ बसलो. त्यांनी वाचून दाखवला. इतिहासाच्या सरांना काढू नये. त्यांच्या तासाला आमचं गणित पुरं होतं. ते रागावत नाहीत आणि मध्ये येत नाहीत. खालची शिफारस गणिताच्या बाईंची.
निकाल : कायम नाही. नववी ब चा इतिहास काढून घेतला. आणखी एक महिना पाहणार. तोवर त्याच वर्गाचा शेवटचा तास, अभ्यासाचा. मी फक्त बसायचं. बोलायचं नाही.
बायकोला खरं ते सांगितलं. ती हसली नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं.

२४ तारीख, सोमवार. शेवटचा तास
गप्प बसलो. दहाव्या मिनिटाला मॉनिटर टेबलाशी आली आणि हळूच म्हणाली, सर, काहीतरी बोला ना, तुम्ही गप्प असलात की लक्ष लागत नाही.
उठलो. फळ्यापाशी गेलो. बोलायला लागलो. क्रांतीची सगळी कारणं ओळीने आठवली.