नावाला ओ

३ तारीख, मंगळवार

चव्वेचाळीस माणसं तपासली. पुलाखाली, फिरत्या दवाखान्याच्या गाडीच्या मागच्या दारात उभी राहून. त्या प्लास्टिकच्या पोशाखात घामानं नखशिखान्त भिजले. ड्रायव्हरकाका म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला पिळून दोरीवर वाळत घालायला हवं!"

पुलाखालच्या या लोकांना ना घर, ना कागद. त्यांची भाषा कानावर पडली की शहरातली माणसं पाकीट चाचपतात. मलाही येत नाही ती भाषा. त्यांच्यातलीच एक मुलगी आमची दुभाषी आहे. कागद नाहीत म्हणून मी वहीत नावं लिहून घेतली आणि दर खेपेला हजेरी घेते. नाव पुकारायचं, ओ आली की बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघायचा.

सगळ्यांत शेवटी टोपीवाली आली. म्हातारी, डोक्यावर दोन लोकरी टोप्या, एकीवर एक. चिमटा बसेना — बोट वाकडं, कधीतरी मोडून तसंच सांधलेलं. आकडा आला शहाऐंशी! गाडीतला सिलिंडर दुपारीच संपला होता. हॉस्पिटलला फोन केला. खाट नाही, उद्या बघू. म्हातारीनं माझी बाही धरली. दुभाषी म्हणाली, "विचारतेय, तू स्वतः येशील ना?"

म्हटलं, येते. उद्या. नक्की.

४ तारीख, बुधवार

गाडी शहराच्या दुसऱ्या टोकाला पाठवली. साहेबांशी कडाक्याचं भांडले. "रूट ठरलाय. पूल शुक्रवारी." दुभाषीला फोन केला, तर तिलाच ताप, अलग खोलीत ठेवलंय. संध्याकाळी चालत जायला मला काय झालं होतं? पाय गळून गेले होते. एवढंच.

५ तारीख, गुरुवार

आजही नाही गेले.

६ तारीख, शुक्रवार

आली! टोपीवाली आली! तिचं नाव पुकारलं. मागून ओ आली आणि जिवात जीव आला. त्याच दोन टोप्या, मास्क पार डोळ्यांपर्यंत. ऑक्सिजन सत्त्याण्णव! मी मिठीच मारणार होते, काकांनी मागे ओढलं. वहीत नावापुढे लिहिलं — बरी.

दोन आठवडे झाले, मागच्या खोलीत एकटी राहतेय, आईला माझ्यामुळे काही होऊ नये म्हणून. ती ताट दाराशी ठेवते आणि पलीकडून बोलते. आज ताट लख्ख रिकामं बघून म्हणाली, "स्वारी खुशीत दिसतेय!"

८ तारीख, रविवार

ताट विसळताना हात थांबला. शुक्रवारी चिमटा झटक्यात बसला होता.

बोट सरळ होतं.

९ तारीख, सोमवार

दुसरा हात असेल. मंगळवारी उजवा, शुक्रवारी डावा. मी कुठला हात घेतला? आठवत नाही. दिवसभर गाडीवर नुसती बोटं बघत होते, तोंडाकडे बघायचा धीर होईना.

आई दाराबाहेरून — "आत कुणाशी बोलतेयस गं?" कुणाशी नाही म्हटलं. तिचं नाव पुटपुटत होते.

१० तारीख, मंगळवार

दुभाषी बरी होऊन परतली. हजेरीत टोपीवालीचं नाव घेतलं, ओ आली. मी लांबूनच मास्क खाली करायला लावला. तिशीतली बाई! म्हातारीची सून, दुभाषीनं सांगितलं.

"म्हातारी कुठंय?"

दुभाषीनं मान खाली घातली. बुधवारी रात्री गेली. रस्त्याकडे तोंड करून बसली होती म्हणे. गाडी येणार म्हणून.

मी किंचाळले. फसवलंत मला! दुभाषी म्हणाली, "फसवलं नाही, ताई. आमच्यात माणूस गेल्यावर वर्षभर त्याच्या नावाला कुणीतरी ओ देतं. हाक रिकामी गेली तर ते नाव हाक मारणाऱ्याच्या मागे लागतं. तुम्हाला त्रास नको म्हणून ती उठली."

वही तिच्यापुढे धरली. अजून कुणाची नावं अशी? तिचं बोट खाली सरकत गेलं. थांबलं. पुन्हा सरकलं.

म्हातारी धरून सात. सगळी या साथीतली. सातही नावांपुढे माझ्याच अक्षरात 'बरे', 'बरी'.

१२ तारीख, गुरुवार

साहेब — "पुलाखाली एकही मृत्यू नाही, असा अहवाल वर गेलाय. शाबासकी मिळालीय आपल्याला. आता तुम्ही सात माणसं कुठून मारताय?"

मी मारतेय!

आज जेवण गेलं नाही. बुधवारी संध्याकाळी सरळ चालत गेले असते तर पाऊण तासाचा रस्ता होता. तिथं जाऊन तरी काय केलं असतं? माहीत नाही. पण तिला मी दिसले तरी असते.

१३ तारीख, शुक्रवार

ठरवलं आणि केलं. सातही जणांच्या तारखा दुभाषीकडून विचारून लाल पेनानं लिहिल्या, खाली सही ठोकली. प्रत थेट आरोग्य खात्याकडे. साहेब थयथयाट करतील, करू देत. सूनबाईला सांगितलं, तुझ्या सासूच्या नावापुढे मी आता खरं लिहिलंय. ती दुभाषीकरवी म्हणाली, "लिही. पण पुकारायचं सोडू नकोस."

तिचं तोंड आज पहिल्यांदा नीट बघितलं. हनुवटीवर तीळ आहे.

१७ तारीख, मंगळवार

पुलाखाली कुणी नाही. पाणी मारून फरशी धुतलीय. मृत्यू नोंदले म्हणून जागा धोक्याची ठरवली आणि सगळ्यांना ट्रकांत घालून नेलं. कुठे, कुणी सांगत नाही. दुभाषीचा फोन बंद.

माझ्या सहीनं!

काका म्हणाले, "चला सिस्टर, इथं काही नाही." मी वही उघडली. टोपीवालीचं नाव पुकारलं, मोठ्यानं. पुलावरून एक गाडी गेली.

काकांनी इंजिन बंद केलं. खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाले, "ओ."

मी पुढचं नाव घेतलं.