बंधाऱ्याखालचं गढूळ पाणी

खैतान, कुवेत, शुक्रवार संध्याकाळ

गावचा जुना मातीचा बंधारा पाडून नदी मोकळी सोडायची की नवा बांधायचा, यावर ग्रुपवर पुन्हा भांडण. ठरलं काय, तर कुवेतवाले मे महिन्यात सुट्टीवर आले की बघू. मीही ‘चालेल’ लिहिलं! इथे तेलाच्या टाक्यांची गळती तपासणारा मी!

दादाच्या व्हिडिओत बंधाऱ्याखालून झिरपणारं पाणी गढूळ दिसतंय. गढूळ म्हणजे आतली माती वाहतेय, बंधारा पोखरला जातोय.

फोन केला, तर वहिनी खुशीत. “भावोजी, बंधाऱ्याखाली मासे मिळतायत, वरच्या डोहातले!”

“वरून पाणी सांडतंय?”

“छे, थेंबही नाही.”

म्हणजे मासे बंधाऱ्याच्या पोटातून आले. गढूळ पाण्याबरोबर.

“दादाला आत्ता तिथून बोलवा.”

“टोपली भरली की येतील,” म्हणाली.