मागचं गेट

सर, काल मी तुमच्या ईदगाहवर जाऊन आले. अख्खा जन्म शेजारी गेला, पण आत पाऊल काल पहिल्यांदा टाकलं. आमच्या सोसायटीत मागच्या गेटवरून भांडण पेटलंय. माझं डोकं फिरलं, आणि घातल्या चपला नि निघाले.

तुमच्या वेळी तिथे गेट नव्हतंच. चाळीचा बोळ होता आणि बोळाच्या टोकाला ईदगाहचं मैदान. ईदची सकाळ मला अजून दिसते. आई बोळातल्या बादल्या सरकवतेय, शेजारणींवर ओरडतेय, "उचला गं पटापट, नमाजवाले येतील आता." तुम्ही सगळे जाताना मोठ्या रस्त्याने जायचात आणि येताना आमच्या बोळातून. जायची वाट एक, यायची दुसरी, अशी तुमची रीत. मी एकदा विचारलंही होतं, "सर, सरळ रस्ता सोडून हा वळसा कशाला?" तर म्हणालात, "त्याच रस्त्याने परत गेलो तर तुमच्याकडचा चहा कोण पिणार?" आणि आई खरंच दारात उभी असायची. "मास्तरांनु, चाय घेतल्याशिवाय खंय चललात?" तुम्ही दापोलीकडचे, ती मालवणची. दोघं सुरू झालात की आंबे, मासे, बोट लागणं, सगळं निघायचं. एका ईदला गृहपाठ झाला नव्हता म्हणून मी दाराआड लपले होते. तुम्ही मला बाहेर बोलावून झापलंत. "आज मी मास्तर नाही, पाहुणा आहे. पाहुण्यापासून लपतात होय?" मराठी शिकवणारा माणूस मराठीतच असा फाडायचा की बोलायची सोय नव्हती.

आता चाळीचा टॉवर झालाय. बिल्डरने कुंपण घातलं तेव्हा आमच्यातले म्हातारे अडून बसले, म्हणून त्या जागी गेट ठेवलं. वर्षातून दोनदा, दोन्ही ईदना उघडायचं, असं ठरलं. आता ते कायमचं काढून भिंत घालायची टूम निघालीय, रविवारी सोसायटीच्या मीटिंगला ठरणार. सेक्रेटरी म्हणतो, "काकी, सिक्युरिटीचा प्रश्न आहे. बाहेरची माणसं आपल्यात कशाला?" मी म्हटलं, "अरे, बाहेरचा तू! तू आत्ता राहायला आलास, ते माझ्या जन्माच्या आधीपासून येतायत." तो हसला. वाईट मुलगा नाही हो तो. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी यानेच धावपळ केली, माझा मुलगा परदेशात बसून नुसता फोन करत होता. या लोकांशी वाकडं घेऊन मी या वयात राहू कुठे?

तरी गेले. म्हटलं, रविवारच्या मीटिंगला तिथलं कुणी बोलायला येतं का बघू. आत छप्पर नाही, खांब नाहीत, नुसतं मोकळं मैदान आणि पश्चिमेला ती जुनी भिंत, मधोमध कमान, बाजूला तीन दगडी पायऱ्या. भिंतीला चुना लावणं चाललं होतं. अंधेरीत एवढं आभाळ उरलंय हे मी विसरलेच होते. रखवालदार माझ्याच वयाचा असेल. तुमचं नाव सांगितल्यावर त्याने खुर्ची आणून दिली. मी गेटचं काढलं, तर तो घाईघाईने म्हणाला, "ताई, त्या गेटचं टेन्शन घेऊ नका. आम्हीच लोकांना बोललोय, जिथून आलात तिथूनच परत जा. कोणी टॉवरवरून मोबाइलवर व्हिडिओ काढतो, कोणी काय बोलतो. आपली पोरं पण गरम डोक्याची. सणाच्या दिवशी कशाला वाट लावून घ्यायची? गेल्या दोन ईदना तिकडून कोणीच गेलं नाही."

दोन ईदना! आणि मी अकराव्या मजल्यावर खिडक्या लावून बसलेली. मला पत्ताच नाही. मी विचारलं, "मग मीटिंगला येणार कोणी?" तो म्हणाला, "नको ना ताई. तुम्ही पण आमच्यासाठी कोणाशी भांडू नका." वर मला रस्ता ओलांडून द्यायला आमच्या पुढच्या गेटपर्यंत आला.

रविवारी मी भिंतीला विरोध करणार आहे. बहुतेक एकटीच असेन. सेक्रेटरी म्हणेल, काकी, त्यांनाच नकोय, तुमचं काय जातंय? त्याला उत्तर देताना माझा आवाज चढणार, हे मला आत्ताच ठाऊक आहे. पण तुम्ही माझं कौतुक करू नका. तुम्ही हयात असतात तर हे मी तुम्हाला लिहिलंही नसतं. तो रखवालदार भांडू नका म्हणाला ना, तेव्हा मला हायसं वाटलं, सर. वाईट नंतर वाटलं. रस्ता ओलांडून झाल्यावर.