हेतुकथन विसरलेला मास्तर

अमरावती,
रविवार, दुसरा चहा झाल्यावर

चि. सौ. जमुना हीस,

देवमनदादाचे आशीर्वाद. (मोठा भाऊ म्हणून लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिले. पत्र वाचून झाल्यावर नको वाटले तर परत पाठव, राग मानणार नाही.) इकडे सगळे बरे आहे. तुझ्या सुभद्रावहिनीचा गुडघा आणि माझा रक्तदाब दोघेही आपापल्या जागी कायम आहेत, घरात अस्थायी झालो आहे तो मीच, त्याबद्दल पुढे येईलच. तुझी तब्येत कशी आहे? गोपालरावांच्या दुकानात आता कूलरच्या जळक्या मोटारी यायला लागल्या असतील, त्यांना माझा नमस्कार सांग आणि उन्हात जेवण चुकवू नका म्हणावे. तुझ्या ओट्यावर शिकवणीला पोरे किती झाली? मागे तू म्हणाली होतीस की पोरे बावीस आहेत आणि चपलांचे जोड चोवीस निघतात. त्या दोन जोडांचा पत्ता लागला का?

हातात फोन असताना भाऊ पत्र का लिहितो, असे तुला वाटेल. त्याचे असे आहे की, फोनवर तू पलीकडून "बोल न दादा, काय म्हंत?" म्हणतेस आणि मी तुरीचे भाव, नळाला पाणी येते की नाही, एवढे विचारून फोन ठेवून देतो. गेल्या महिन्यात असा चार वेळा ठेवला. चौथ्या वेळी तू म्हणालीस, "काहून रे, तब्येत बरी हाय न?" तब्येत बरी आहे. तब्येतीशिवाय बाकी सगळ्याचा निकाल लागला आहे, आणि तो हा.

तुला ठाऊक आहेच की सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि नोकरीत असलेल्या आम्हा जुन्या मास्तरांनाही शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे तुझी ती टीईटी, दोन वर्षांच्या आत पास व्हायची आहे. नाही झालात तर घरी बसा. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून कमी उरली आहेत त्यांना सूट. मी बोटांवर हिशेब केला, मग कॅलेंडरवर केला, मग मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन सेवापुस्तकावरून केला. तिन्ही वेळा एकच उत्तर आले. मला पाच वर्षे तीन महिने उरले आहेत. तीन महिने, जमुना! आपल्या बाबांनी मला शाळेत घालताना जन्मतारीख खरी सांगितली, त्या खरेपणाचे फळ त्रेपन्नाव्या वर्षी माझ्या पदरात पडले. आमच्या उत्तमरावांचे पाहा. (माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारे, गणिताचे, डब्यात रोज आलूची भाजी आणणारे.) त्यांच्या वडिलांनी त्यांना लवकर शाळेत बसवायचे म्हणून वय दोन वर्षे वाढवून लावले होते. "बापानं माह्ये दोन वर्सं खाल्ले," असे ते पंचवीस वर्षे रडत होते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी बापाच्या फोटोला हार घातला आणि स्टाफरूममध्ये पेढे वाटले. मी दोन खाल्ले, गोड लागले नाहीत.

अभ्यासाचे काय सांगू. दुसऱ्या पेपरचे, सहावी ते आठवीवाल्यांचे, जाड पुस्तक आणले आणि त्याला वर्तमानपत्राचे कव्हर घातले. (पोरांच्या चोरट्या पुस्तकांची अशी कव्हरे मी अठ्ठावीस वर्षे फाडत आलो, त्यामुळे घालायची कशी ते मला चांगले येते.) गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसून वाचायचो. शेजारच्या लीलाबाईंनी सुभद्राला विचारले, "मास्तर टाकीमागं बसून काय करून राह्यले? काई घरात भांडण?" मग तिथेही बसणे बंद झाले.

परीक्षा इथेच, गावातल्या एका शाळेत होती. दारात अंगठा लावून हजेरी. माझा अंगठा यंत्राला मान्य होईना. पुसला, ओला केला, पँटला घासला. एवढी वर्षे खडू धरून त्याच्या रेषाच गुळगुळीत झाल्या असाव्यात. मागे रांगेत माझ्या पोराच्या वयाची पोरे उभी, त्यातली एक मुलगी म्हणाली, "काका, तुमी कोनाले सोडाले आले का?" शेवटी नुसता फोटो काढून आत घेतले. आत पर्यवेक्षक म्हणून कोण असावे? हीना. आपल्या चौकातल्या घड्याळवाल्यांची नात, माझ्याच सातवीतली. आता एका शाळेत शिक्षिका आहे. तिने मला पाहिले आणि बिचारी माझ्यापेक्षा जास्त घाबरली. जवळ येऊन अगदी हळू बोलली, "सर, घड्याळ काढून ठेवा, प्लीज. आणि सर, गोल पूर्ण काळा करायचा, बाहेर नाही जाऊ द्यायचं." याच पोरीला नकाशात रंग रेषेबाहेर गेला म्हणून मी एकदा तासभर उभी केली होती. तिला ते आठवत असेल का, याच विचारात माझी पहिली दहा मिनिटे गेली.

प्रश्न दीडशे, मिनिटे दीडशे. इतिहास-भूगोलाचे बरे गेले. पण ते बालमानसशास्त्र! 'एखादा विद्यार्थी तासाला वारंवार शंका विचारत असेल तर शिक्षकाने काय करावे?' खाली चार पर्याय. मी अनुभवाने उत्तर दिले. 'शिक्षकाचे वर्गातील सर्वांत महत्त्वाचे साधन कोणते?' तिथेही अनुभवाने दिले. नंतर उत्तरसूची आली तेव्हा तू राखीसोबत पाठवलेल्या लाल पेनानेच तपासत बसलो. (दर वर्षी राखीच्या पाकिटात तू एक लाल पेन घालतेस, "मास्तरले लागते" म्हणून. यंदाचे फार छान चालते.) जिथे जिथे अनुभवाने लिहिले होते तिथे तिथे चूक. माझ्या अनुभवाला तीसपैकी नऊ गुण मिळाले. एकूण दीडशेपैकी एकाहत्तर. पास व्हायला नव्वद लागतात.

आणि तू, जमुना, तेरा साली, लेकराला मांडीवर थोपटत अभ्यास करून, एकशे बारा घेतले होतेस. त्या वर्षी राज्यात हजारो आपटले होते. तू अकोल्याहून पेढे घेऊन आलीस आणि डबा उघडायच्या आधीच मी म्हणालो होतो, "पेपर सोडवून कोनी मास्तर होते काय?" तू हसलीस आणि पेढा माझ्या हातावर ठेवलास. हे वाक्य मला माझ्या निकालाच्या दिवसापासून रोज सकाळी दाढी करताना आठवते. दोनदा गाल कापला.

तुला माझा बी.एड.चा वार्षिक पाठ आठवतो का? सरावपाठासाठी आमच्या कॉलेजने घेतलेली शाळा तुझीच होती आणि सहावी 'ब'मध्ये तिसऱ्या बाकावर तू, लाल रिबिनी लावून. विषय 'दिवस आणि रात्र'. मी घरून टॉर्च नेली होती आणि वरूडच्या मामांनी पाठवलेले संत्रे, ते पृथ्वी म्हणून. पण तोच पाठ माझ्याआधी चार जणांनी त्याच वर्गावर घेतला होता आणि पोरे आमच्याहून पक्की झाली होती. मी प्रस्तावनेचा पहिला प्रश्न विचारला, "सकाळी आकाशात काय उगवते?" तर सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "पृथ्वी स्वतःभोवती फिरते!" माझे पुढचे सहा प्रश्न तिथेच मेले. मागे दोन परीक्षक बसलेले. आता हेतुकथन करायचे, म्हणजे 'आज आपण अमुक घटक शिकणार आहोत' असे एक वाक्य बोलायचे आणि फळ्यावर लिहायचे. ते केल्याशिवाय पाठ पुढे नेला की गुण गेले. आणि जमुना, ते एक वाक्य मला आठवेना. खडू हातात, तोंड उघडे, घाम कानामागे. किती वेळ तसा उभा होतो देव जाणे. तेवढ्यात तू उठलीस आणि एकदम निरागस चेहरा करून म्हणालीस, "सर, म्हंजे आज आपन दिवस आन् रात्र कसे होतात ते शिकून राह्यलो का?" मी म्हणालो, "शाब्बास, खाली बस." परीक्षकांनी शेऱ्यात लिहिले, 'विद्यार्थ्यांची जिज्ञासा जागृत करण्यात उत्तम यश.' माझ्या बी.एड.च्या प्रमाणपत्रावर विद्यापीठाचा शिक्का आहे, पण ते मिळाले तुझ्यामुळे.

घरी येताना तुला सायकलच्या मागे बसवले होते. पृथ्वी सोलून तू खात होतीस. मी म्हणालो होतो, "तू मोठी झाली का तुले माह्या शाळेत मास्तरीन करतो, पाह्य." तू विचारलेस, "खरंच न, दादा?" आणि मी घंटी वाजवली होती.

बाकी ठीक. यंदा हरभरा बरा झाला म्हणतात. मुदतीतले काही महिने गेले, परीक्षा पुन्हा होईल, तेव्हा बसेन. नाही जमले तर घरी बसेन, सुभद्राला तूर निवडायला मदत होईल. लेकरांना आशीर्वाद, गोपालरावांना पुन्हा नमस्कार.

तुझा,
देवमनदादा

ता. क. सही केली आणि लक्षात आले की ज्यासाठी लिहायला बसलो ते राहूनच गेले. मला शिकवशील का? इथे क्लास आहेत, पण त्यांत माझेच विद्यार्थी जातात आणि एक तर शिकवतोही. दर शनिवारी शाळा सुटल्यावर गाडीने अकोल्याला येईन, ओट्यावर शेवटी बसेन, रविवारी संध्याकाळी परत फिरेन. चपलांचे जोड पंचवीस होतील, एवढेच. ते बालमानसशास्त्र तेवढे समजावून दे.

ता. क. आणखी. हे मागण्याआधी एक सांगायला हवे होते. चौदा साली, तुझा निकाल लागला त्याच उन्हाळ्यात, आमच्या शाळेत सहावी ते आठवीवर एक जागा निघाली होती. मी तुला "जागा निघालीच नाही" असे सांगितले, ते खोटे होते. आमच्या संस्थेच्या सचिवांनी मला आपणहून बोलावून विचारले, "तुमची बहीण पास आहे म्हणे, अर्ज द्यायला सांगा." मी म्हणालो, तिचे लेकरू लहान आहे, जावईबापू पाठवणार नाहीत. गोपालराव तर दुकान इकडे जवळ, बडनेऱ्याला हलवायला तयार होते, हे मला माहीत होते. मग मी असे का केले? तू माझ्या शेजारच्या वर्गात शिकवशील आणि पोरे दोन दिवसांत ओळखतील की खरा मास्तर कोणत्या वर्गात आहे, याची मला भीती वाटली. दुसरे काही कारण नाही. त्या जागेवर ज्या बाई लागल्या त्या आता स्टाफरूममध्ये सगळ्यांत निवांत आहेत. तुझे प्रमाणपत्र आता आजन्म चालते, पण भरतीचे वय निघून गेले. ते मी घालवले. मला माफ कर असे लिहून पाहिले होते, फार छोटे दिसले म्हणून खोडले.

ता. क. शेवटचा. आत्ता सुभद्राने पाकीट चिकटवायच्या आधी पत्र वाचले. मला वाटले ती रडेल, नाहीतर बोलेल. ती शांतपणे म्हणाली, "सचिवांच्या घरून मले समजलं होतं. जमुनाबाईले मी तवाच सांगतलं होतं, त्याच दिवाळीत. त्या म्हनल्या, वहिनी, दादाले मालूम पडू देऊ नोको, त्याले लाज वाटन."

त्या दिवाळीनंतर अकरा राख्या आल्या, जमुना. अकरा लाल पेने. मी कपाट उघडून सगळी बाहेर काढली, टेबलावर मांडली आहेत आणि त्यातल्याच एकाने हे लिहितो आहे, म्हणून शेवटच्या ओळी लाल दिसतील.

हे पत्र आता पोस्टात टाकत नाही. शनिवारी स्वतः घेऊन येतो आणि तुझ्या पोरांसमोरच तुला वाचून दाखवतो. खडू हातात धरून तोंड उघडे ठेवून उभा राहीन, किती वेळ ते सांगता येत नाही. पण या वेळी तिसऱ्या बाकावरून उठू नको, जमुना. हेतुकथन माझे मलाच करू दे.