हिरवा दिवा लागेपर्यंत

७ ऑक्टोबर
आज लातूरला रुजू झाले. नांदेडहून सकाळच्या बसने आले. खोली छान आहे, खिडकीसमोर कडुनिंब, टाकी भरलेली. सोबतची मुलगी पुनम, निलंग्याची, नर्सिंगला आहे. बोलते भरपूर, झोपते गाढ. उशाशी तिची पॉवर बँक चार्जिंगला असते. दिवा लाल, भरली की हिरवा.
काम मनासारखं आहे. कंपनीचा सर्व्हर उदगीरच्या धान्य-गोदामात, वजनकाट्याला जोडलेला. त्याचा कर्नल, म्हणजे गाभाच, मधूनच कोसळतो आणि यंत्र गोठतं. कारण शोधलं की नोकरी पक्की, असं सुदर्शन सर म्हणाले.

९ ऑक्टोबर
गोठलेला सर्व्हर इथून हलत नाही. तिथला रखवालदार व्यंकटी बटण दाबतो. त्याला फोनवर शिकवलं: थांबलेलं दिसलं की बटण दाबून धर, आधी पूर्ण बंद पाड, मग पुन्हा दाब, हिरवा दिवा लागेपर्यंत तिथून हलू नकोस. म्हणाला, ताई, आमचा बैल बी असाच बसतोय, पन त्याला दिवा न्हाई.
त्याने पाठवलेल्या फोटोत बटणावर चुन्याचा अंगठा. तंबाखू मळल्यावर हात धू, असं सांगितलं. हाव म्हणाला. पुढच्या फोटोतही चुना.

१४ ऑक्टोबर
कोसळल्यावर यंत्राने आपोआप सुरू व्हावं, ही सोय एका ओळीत होते. मी ती केलेली नाही. गोठलेल्या पडद्यावरच्या शेवटच्या ओळी मला हव्यात, आणि फोटो काढायला व्यंकटी आहे. आज जेवणावरून उठून गेला. म्हणाला, घास बी गिळू देईना तुमचं लेकरू.
संशय ड्रायव्हरवर, म्हणजे काटा सर्व्हरला जोडणाऱ्या प्रोग्रॅमवर आहे. एक स्पष्ट फोटो मिळाला की पुरावा पूर्ण.

१८ ऑक्टोबर
दुपारी गोठला. व्यंकटी म्हणाला, सोयाबीनवर ताडपत्री टाकून किडं मारायच्या इखारी गॅसच्या गोळ्या ठेवल्यात, आत जायचं न्हाई म्हनलाय ठेकेदार, लसणावानी वास यायलाय. सर्व्हरची खोली गोदामाच्या पलीकडच्या टोकाला. तोंडाला रुमाल बांध, दोन मिनिटांचं काम, असं मी सांगितलं. जाऊच म्हणता का, असं त्याने विचारलं. जा म्हणाले.
फोटो आला. स्पष्ट आहे. सर्व्हर मात्र सुरू झाला नाही.

१९ ऑक्टोबर
व्यंकटी सर्व्हरपाशीच मेलेला सापडला. अंगठा बटणावर होता म्हणे. त्याला आत कुणी पाठवलं, असं सरांनी विचारलं. दिवा लागला का एवढंच मी विचारलं होतं, असं सांगितलं.

२१ ऑक्टोबर
गोदामाला पोलिसांचं कुलूप. तरी सकाळी सर्व्हर सुरू. आपोआप नाही, ती सोय मी केलेलीच नाही. यंत्रातली नोंद म्हणते, बटण दाबलं गेलं. आधी दाबून धरलं, मग पुन्हा.
संध्याकाळी गोठला, पुन्हा सुरू झाला.
कुणाला सांगितलं नाही. सोयीचं आहे.

२३ ऑक्टोबर
ड्रायव्हर दुरुस्त केला. आता गोठत नाही. नोकरी पक्की. पुनमने पेढे आणले.

२५ ऑक्टोबर
दुपारी ऑफिसात पडद्याकडे बघत बसले होते, न हलता. लसणाचा वास आला. छातीच्या मधोमध दाब. दाबून धरलेला. दचकून हलले, तेव्हा सुटला.
कुर्त्यावर चुन्याचा अंगठा.
तिथलं त्याचं काम मी संपवलं. आता तो थांबलेलं शोधतो.

२६ ऑक्टोबर
झोपले नाही. हललं की सोडतो. डुलकी लागली की—
पुनमला सांगणार नाही. ती गाढ झोपते. तो तिच्यापाशी असला तर मी—

२७ ऑक्टोबर, रविवार दुपार
पुनम जेवून आडवी झाली. वास आला. तिच्या टाचा गादीवर आपटल्या. मी वहीत रेघा ओढत राहिले.
आधी पूर्ण बंद पाड. ते झालं.
आता पुन्हा दाबतोय. पुन्हा. फासळ्या वाजतात.
हिरवा दिवा लागेपर्यंत हलू नकोस, मीच सांगितलं होतं. माणसाला दिवा नसतो. म्हणजे तो तिथेच राहील. मला झोपता येईल—

संध्याकाळ
डोळा लागला होता. आवाजाने नाही, आवाज थांबल्याने जाग आली.
पुनमच्या उशाशी पॉवर बँक. दिवा हिरवा.

हात हलता ठेवायचा. लिहीत राहायचं. लसूण— अगदी जवळ— बोटं आखडली आहेत, क्षणभर फक्त—