अकरा अक्षरांची माळ

प्रिय चिमटाबाई,

हाक वाचून कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. वर्षभर तोंड लपवून बसलेल्या माणसाने दुसरी कुठली हाक मारावी, सुचेना.

मला नोकरी लागली. लोकांची माहिती साठवणारी इमारत आहे. यंत्रांच्या रांगाच रांगा, आणि ती तापू नयेत म्हणून अखंड गार वारा. त्या वाऱ्याच्या जाळ्या मी पुसतो, स्वेटर घालून! ती यंत्रं वीज किती खातात ते विचारूच नकोस. मला आपली तुझी कुपी आठवते. नखाएवढी, खणात पेन्सिलींशेजारी गपचूप पडलेली, विजेचं नावही न काढणारी. "ही रेणूंची माळ आहे रे, प्रत्येक मण्यात एक अक्षर. वाचायची तर एकेक मणी तोडत जायचं. वाचून झाली की माळ संपली," असं तू समजावत होतीस आणि मी बघत होतो तुझ्या हातातल्या चिमट्याकडे. अभ्यास बुडाला तो तिथेच.

मग तू आपल्या वर्गातल्या त्या चष्मिशला कुपी दाखवून हसलीस. "यात माझं सगळ्यात जवळचं माणूस आहे," म्हणालीस. मी दारात होतो. डोकं फिरलं माझं. तुझ्या बाबांना जाऊन तेव्हा तीनच महिने झाले होते, पण हे माझ्या टाळक्यात येईल तर शपथ.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी सगळ्यांसमोर कुपी कोरडी निघाली. माळेतली अक्षरं हीच किल्ली होती; बाबांच्या आवाजाची सगळी रेकॉर्डिंग त्या किल्लीने बंद केलेली, आणि किल्ली यंत्राने निवडलेली, तुलाही माहीत नसलेली. सर तडकले, "कागदावर लिहून ठेवायला काय झालं होतं?" तू पुटपुटलीस, "मीच झाकण सैल ठेवलं असेल." मी सरांच्या अंगावर धावून गेलो, ओळखपत्र टेबलावर आपटलं आणि कॉलेज सोडलं. तू जिन्यापर्यंत मागे आलीस. "माझ्यासाठी असं करू नकोस रे," म्हणत माझी बाही धरलीस. त्याआधी तू माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतंस. ती नजर जाऊ नये म्हणून मी गप्प राहिलो.

झाकण घट्ट होतं गं. आदल्या आठवड्यात, सगळे जेवायला गेले असताना, मीच प्रयोगशाळेतल्या यंत्रावर ती माळ वाचली. चष्मिशला लिहिलेलं काहीतरी असणार म्हणून. थेंबही शिल्लक ठेवला नाही. हाती आली अकरा अर्थहीन अक्षरं. तुमची सांकेतिक भाषा समजून मी गाढव चार दिवस ती उलटसुलट लावत बसलो होतो. तू जिन्यात बाही धरलीस तेव्हा तो कागद त्याच शर्टाच्या खिशात होता.

परवा माझी बहीण तुला भेटली. तू तिला म्हणालीस, "बाबा हसायचे कसे, तेच आठवेनासं झालंय." त्याच रात्री मी तो कागद शोधून काढला. या पत्रासोबत ठेवलाय. माफी मागत नाही, उत्तरही लिहू नकोस. फक्त सातवं अक्षर मला नीट वाचता आलं नव्हतं, ब असेल किंवा भ. दोन्ही लिहिलीत. रेकॉर्डिंगचं कुलूप तीनदाच संधी देतं, तेव्हा शांतपणे बस, एकेक अक्षर बघून टाक. घाई माझ्या हातून झाली तेवढी पुरे.

तू बाही सोडलीस तरी तुझाच,
भडकू