ट्रेलर सुटला त्याचं कारण

३ एप्रिल, रविवार

आज ट्रेलर गाडीपासून सुटला. होडीसकट! तलावाकडच्या वळणावर, खड्ड्यात. दोन साखळ्यांनी धरून ठेवला, नाहीतर समोरून येणाऱ्या सायकलवाल्याचं काय झालं असतं ते लिहायला हात धजत नाही.

हे खाली उतरले, पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "जोडणीचं लॉक लावायला विसरलो." पुन्हा जोडून मुंगीच्या पावलांनी घरी आलो. वाटेत मी दहा प्रश्न विचारले असतील. ह्यांचे डोळे आरशात, मागच्या ट्रेलरवर.

४ एप्रिल

ह्यांनी गाडीची किल्ली माझ्यासमोर ठेवली. "मी आता चालवणार नाही. होडी विकून टाकू."

वीस वर्षं ट्रेलर जोडणारा माणूस! पण मला ठाऊक आहे, ह्यांच्या डोक्यात सासरे आहेत. शेवटी शेवटी ते स्वतःच्याच अंगणात उभे राहून घरचा पत्ता विचारायचे. सुरुवात अशीच झाली होती — आज गॅस चालू, उद्या नळ चालू. ह्यांना वाटतंय, आता आपली पाळी. मलाही वाटतंय. लिहून टाकलं एकदाचं.

५ एप्रिल

होडी विकायची नाही. ट्रेलर मी ओढणार. "शिकवा मला," म्हटलं. नाक मुरडलं, पण नाही म्हणाले नाहीत.

९ एप्रिल, शनिवार

मागच्या गोदामाच्या रिकाम्या आवारात शिकवणी. सगळं तोंडपाठ आहे ह्यांना! आधी टायरची हवा. मग साखळ्या — ट्रेलरच्या दांड्याखालून एकमेकींवर आडव्या घ्यायच्या, म्हणजे दांडा सुटलाच तर त्यांच्या झोळीत पडतो, रस्त्यावर नाही. जड सामान थोडं पुढे. मागे भरलं की ट्रेलर डुलायला लागतो आणि गाडीलाही डुलवतो.

रिव्हर्सला मात्र माझी फे फे उडाली. गाडी डावीकडे न्यावी तर ट्रेलर उजवीकडे. "हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धर. हात जाईल तिकडे ट्रेलर जाईल. आणि घाई कसली आहे तुला?" तीन रिकामी पिंपं आडवी केली. हे हसले. आठवड्यात पहिल्यांदा.

१० एप्रिल

दोन पिंपांच्या मधून सरळ मागे! "बरं होतं," म्हणाले. ह्यांच्याकडून एवढं म्हणजे डोक्यावरून पाणी.

१६ एप्रिल, शनिवार

उद्या तलावावर जायचं, म्हणून चाकांना ग्रीस भरायला ट्रेलर मेकॅनिककडे नेला. एकटीनं. त्यानं गाडीच्या मागच्या हुकावरचा बॉल, म्हणजे ट्रेलर ज्यावर बसतो तो लोखंडी गोळा, पाहिला आणि विचारलं, "ताई, हा कुठला?"

गाडीबरोबरच आला, म्हटलं. फेब्रुवारीत ही जुनी गाडी घेतली, हुक आधीच बसवलेला होता. गाडी मीच पसंत केली होती.

त्यानं कपलर, म्हणजे दांड्याच्या टोकाची वाटी, बॉलवर बसवला, लॉक केला आणि जॅक फिरवून दांडा वर उचलायला लागला. पकड बरोबर असेल तर गाडीची मागची बाजूही वर उठते, म्हणाला. ती जागची हलली नाही. कपलर अलगद निघून आला. लॉक केलेला!

"बॉल लहान आहे. लॉक लावा नाहीतर लावू नका, खड्ड्यात निसटणारच."

आणि मला आठवलं. त्या दिवशी सुटल्यावर पाहिलं तेव्हा लॉक लागलेलंच होतं! धक्क्यानं बसलं असेल, असं आम्ही धरून चाललो. म्हणजे हे विसरले नव्हते. चूक त्यांची नव्हतीच. बॉल बदलून घेतला आणि घरापर्यंत रडत गाडी चालवली. आनंदानं.

१६ एप्रिल, संध्याकाळ

हे ओट्याशी टोमॅटो चिरत होते. चपलाही न काढता सगळं सांगितलं. बॉल, कपलर, जॅक. "अहो, ट्रेलर सुटला तो तुमच्यामुळे नाही."

हात थांबला. माझ्याकडे पाहिलं. फार काळजीनं.

"ट्रेलर सुटला होता? कधी गं?"